चुकीच्या उत्तरामागचा नियम

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांतून घडून, घासून, चकचकीत होऊन बाहेर पडणारी स्टेनलेस स्टीलची भांडी दूरदूरच्या बाजारपेठांत जातात, हे या भागात राहणाऱ्यांस सांगावयास नको. परंतु त्याच भांड्यांपैकी पाच वाट्या आणि तीन पेले आपल्या घरातील पाच वर्षांच्या बालकासमोर मांडून, ‘इथे वाट्या जास्त आहेत की भांडी जास्त आहेत?’ असा साधा प्रश्न विचारून पाहिला, तर जे उत्तर येते त्याने बालबुद्धीविषयीचे आपले कितीतरी समज पुन्हा तपासावे लागतात. बालक बहुधा क्षणाचाही विलंब न लावता ‘वाट्या’ असे सांगते. वाट्या भांडीच ना, असे विचारले तर ‘हो’ म्हणते. पेलेही भांडीच ना, म्हटले तरी ‘हो’ म्हणते. आणि मग मूळ प्रश्न पुन्हा विचारताच पूर्वीइतक्याच ठामपणे ‘वाट्या जास्त!’ असे उत्तर देऊन आपल्या खेळाकडे वळते.

उत्तर चुकले हे उघड आहे. तरीही ते लहरीने दिलेले नाही. त्यामागे एक नियम आहे आणि बालक तो इमानाने पाळीत आहे. भांड्यांच्या ढिगातून वाट्या मनाने वेगळ्या काढल्या की, त्याच्या दृष्टीने ‘सगळी भांडी’ नावाचा समूह शिल्लक राहत नाही, शिल्लक राहतात ते पेले; म्हणून ते पाच वाट्यांची तुलना तीन पेल्यांशी करते आणि त्या तुलनेपुरते अगदी बरोबर उत्तर देते. वाटी ही एकाच वेळी वाटीही आहे आणि भांडेही आहे, म्हणजे भाग आणि पूर्ण ही दोन्ही मोजमापे एकदमच मनात धरावयाची आहेत, हे त्याला अद्याप साधत नाही. साधारणपणे सातव्या-आठव्या वर्षी ते साधू लागते, आणि तेव्हा त्याच मुलाला हाच प्रश्न केला तर ते किंचित नवलाने पाहते, जणू असे विचारण्यासारखे यात काय आहे! मला येथे आग्रहाने मांडावयाचे आहे ते एवढेच, की चुकीचे उत्तर दुरुस्त करण्यापूर्वी त्यामागचा नियम बालकाकडून ऐकून घ्यावा. कारण त्याचा तर्क वाढतो तो जुना नियम अपुरा पडल्याची जाणीव त्याची त्याला होऊन, आणि ज्याचा नियमच कोणी ऐकून घेतला नाही त्याला ती जाणीव व्हावी कशी?

या दिशेने जगाचे लक्ष वेधणारे झाँ पियाजे (१८९६–१९८०) हे मूळचे मानसशास्त्राचे अभ्यासकच नव्हेत. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे जन्मलेल्या या गृहस्थांनी १९१८ साली डॉक्टरेट मिळविली ती शंखशिंपल्यांतील मृदुकाय प्राण्यांवर. पुढे पॅरिसला गेल्यावर, बुद्धिमापनाचे जनक आल्फ्रेड बिने यांचे सहकारी सिमाँ यांनी त्यांच्याकडे एक काहीसे रुक्ष काम सोपविले : सिरिल बर्ट या इंग्रज पंडिताच्या तर्कविषयक चाचण्या फ्रेंच मुलांकरिता प्रमाणित करून द्यावयाच्या. बरोबर उत्तरांची मोजदाद करणे एवढीच अपेक्षा होती. पण पियाजेंचे मन रमले ते चुकीच्या उत्तरांत. एका विशिष्ट वयाची मुले एकाच प्रकारे चुकतात, आणि ‘तुला असे का वाटते?’ म्हणून शांतपणे विचारीत गेल्यास प्रत्येक चुकीच्या तळाशी सुसंगत विचार सापडतो, हे त्यांना तेथे दिसले, आणि पुढील साठ वर्षे त्यांनी याच एका शोधाचा पाठपुरावा केला. मुलांना प्रश्न विचारण्याची त्यांची पद्धत परीक्षकाची नव्हती. ती निसर्गाचे निरीक्षण करणाऱ्याची होती, आणि मला त्यांच्या सिद्धांतांहूनही ती पद्धत अधिक मोलाची वाटते.

भांड्यांचाच आणखी एक उपयोग पाहावा. एकात एक बसणाऱ्या डब्यांचा संच बहुतेक घरी असतो. दोन वर्षांचे मूल लहान डब्यात मोठा डबा बसविण्याचा जोराने प्रयत्न करते, तो बसत नाही म्हणून फेकते, पुन्हा उचलते. चार-पाच वर्षांचे मूल दोन-दोन, तीन-तीन डब्यांच्या जोड्या लावते, पण त्या जोड्यांची मिळून एक रांग करताना अडते आणि चाचपडत, चुका करीत ती पुरी करते. सात वर्षांचे मूल मात्र प्रथम सगळ्या डब्यांवरून नजर फिरविते, त्यातला सर्वांत लहान काढते, उरलेल्यांतला सर्वांत लहान काढते, आणि या क्रमाने न अडखळता पुढे जाते. मधला डबा हा एकाहून मोठा आणि त्याच वेळी दुसऱ्याहून लहान असतो, हे ध्यानात आल्याखेरीज ही रीत सुचत नाही. आणि ती सुचली की, अ हा ब पेक्षा उंच व ब हा क पेक्षा उंच असेल तर अ व क यांना शेजारी उभे न करताही निर्णय देता येतो. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या श्रमिक वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांच्या साधनांत लाकडी ठोकळ्यांत बसणारे लहानमोठे दट्टे आणि गुलाबी मनोरा यांना जे स्थान होते त्याचे कारण हेच. चूक झाली तर ती साधनच दाखवून देते, शिक्षिकेला बोलावे लागत नाही.

वर्गीकरणाची वाट याहून नागमोडी आहे. तीन वर्षांच्या मुलापुढे गुंड्या, बाटल्यांची झाकणे, शिंपले आणि चिंचोके यांचा मिश्र ढीग ठेवून ‘सारखे सारखे एकत्र कर’ असे सांगितले, तर ते लाल गुंडीशेजारी लाल झाकण ठेवते, त्या झाकणाशेजारी दुसरे गोल पण पांढरे झाकण ठेवते, पांढऱ्याशेजारी पांढरा शिंपला ठेवते, आणि शेवटी त्या ओळीकडे पाहून ‘ही आगगाडी’ असे जाहीर करते. प्रत्येक पावलाला कारण आहे, पण आरंभीचे कारण शेवटपर्यंत टिकत नाही. पुढे काही काळ उपयोगाचे नाते बलवत्तर होते : सुईबरोबर दोरा, पोळपाटाबरोबर लाटणे. ही अवस्था कनिष्ठ समजण्याची घाई मात्र करू नये. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ साली उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांपुढे हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांची चित्रे ठेवून त्यातील न जुळणारी वस्तू काढावयास सांगितली, तेव्हा त्या प्रौढ, संसारी, व्यवहारात कसलेल्या माणसांनी ओंडका बाजूस काढण्यास साफ नकार दिला. ओंडकाच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड चालवावयाची कशावर, असे त्यांचे म्हणणे होते. ‘हत्यारे’ हा वर्ग त्यांना समजत नव्हता असे नाही. जीवनात त्याचे काम पडत नव्हते. शाळा जी नवी गोष्ट देते ती बुद्धी नव्हे, वस्तूंकडे अनेक बाजूंनी पाहण्याची मुभा होय.

आणि ही मुभा वापरणे लहान मुलाला फार जड जाते. फिलिप झेलाझो या संशोधकाने गेल्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आणलेला एक प्रयोग घरी सहज करता येतो. एका ढिगाशी निळा ससा व दुसऱ्याशी तांबडी होडी खूण म्हणून ठेवून, तांबडे ससे आणि निळ्या होड्या यांसारखी चित्रे प्रथम रंगानुसार त्या दोन ढिगांत लावावयास सांगावी. तीन वर्षांचे मूल ती बिनचूक लावते. मग ‘आता रंग नाही, आता आकार पाहायचा’ असे सांगावे. मूल मान डोलावते, ससे कोठे जावयाचे असे विचारल्यास बोटाने बरोबर दाखविते, आणि प्रत्यक्ष पत्ता हाती आला की तो जुन्या रंगाच्याच ढिगावर ठेवते. नवा नियम तोंडपाठ आहे, पण हात जुन्या नियमाच्या ताब्यात आहे. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक मुले यातून सुटतात. आमच्याकडील ‘चिमणी उडाली’ या खेळात हीच कसोटी पिढ्यान्‌पिढ्या लागत आलेली आहे : सर्वांची बोटे जमिनीवर, ‘चिमणी उडाली’ म्हणताच वर, ‘कावळा उडाला’ म्हणताच वर, आणि ‘म्हैस उडाली’ म्हणून राज्य घेतलेल्याने आपले बोट मुद्दाम उंचावले तरी इतरांची बोटे मात्र जमिनीवरच. उडणारे व न उडणारे असा भेद करावयाचा, समोरचा फसवीत असता आपल्या हाताला आवरावयाचे, आणि हे सर्व निमिषार्धात! मोठ्या मुलांचा ‘नाव, गाव, फळ, फूल’ हाही वर्गीकरणाचाच खेळ आहे. हे खेळ इमारतींच्या गच्च्यांवरून आणि जिन्यांवरून दिसेनासे होत चालले आहेत याची खंत मी स्मरणरंजन म्हणून करीत नाही. बुद्धीला मिळणारा एक बिनखर्चाचा व्यायाम त्यांच्याबरोबर जात आहे.

या विषयाचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे कार्य भाईंदरपासून फार दूर झालेले नाही. पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघाले की खाडीवरचा पूल ओलांडून वसई, विरार, पालघर, डहाणू ही स्थानके मागे पडतात आणि घोलवड येते; तेथून बोर्डी व कोसबाड जवळच. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत हा सारा मुलूख भाईंदरप्रमाणेच ठाणे जिल्ह्याच्या दप्तरात होता. भावनगरच्या दक्षिणामूर्तीमध्ये गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीचे काम करून आलेल्या आणि नूतन बालशिक्षण संघाची धुरा वाहणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांना जे मिळत होते ते खेड्यातील दरिद्री मुलांना अल्प खर्चात कसे देता येईल, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्याच वर्षी बोरिवली येथील एका शिबिरात त्यांची भेट अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्याशी झाली, आणि बालविवाहानंतर लगेच वैधव्य आलेल्या, जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या या बाईंनी उर्वरित आयुष्य या कामाला वाहून टाकले.

बोर्डीत केंद्र उघडले, पण दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. वस्तीतून बोलावणी करून, समजूत घालून उपयोग होईना, तेव्हा ताराबाईंनी केंद्रच उचलून वस्तीतील अंगणात नेले. मुलांना अंगणातच आंघोळ घालावी, केस विंचरावे, गाणी म्हणावी आणि मग त्यांच्यापुढे साधने मांडावी, अशी ती ‘अंगणवाडी’. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा हेच नाव सरकारी कागदोपत्री रुजू झाले आणि आज ते देशभर उच्चारले जाते. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथील वारली मुले गुरे राखावयास जात. शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हणू लागले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंना १९८५ साली पद्मश्री हे किताब मिळाले.

मला या कार्यातील सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट वाटते ती साधनांची. माँटेसरींची मूळ साधने महाग आणि परदेशी घडणीची; त्यांच्या जागी या दोघींनी पाने, बिया, शिंपले, खडे, माती, बांबू आणले. वरवर पाहता ही काटकसर होती. परंतु गुरांमागे रानभर हिंडणाऱ्या मुलापुढे पानांचा ढीग ठेवला म्हणजे त्याला वर्गीकरण प्रथमच शिकवावे लागत नाही. कोणती पाने गुरे खातात आणि कोणती टाळतात, कोणत्या झाडाचे लाकूड जळणाला आणि कोणत्याचे कुडाला, हे भेद त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. शिक्षिकेने करावयाचे ते एवढेच, की तीच पाने आता कडेच्या आकाराने, आता शिरांच्या रचनेने, आता लांबीच्या क्रमाने लावावयास सांगून त्याच्या हाती असलेल्या एका नियमाशेजारी दुसरा आणून ठेवावयाचा. जे मूल शाळेच्या दृष्टीने अडाणी होते तेच येथे जाणकार ठरत होते. पुढे रमेश पानसे यांच्या ग्राममंगल संस्थेने याच डहाणू तालुक्यात ऐने येथे, आणि सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांनी आपापल्या रीतीने हाच विचार पुढे नेला.

मुलाचे उत्तर चुकते तेव्हा कित्येकदा दोष आपल्या प्रश्नाच्या शब्दांतही असतो. एडिंबराच्या मार्गारेट डोनल्डसन यांनी १९७८ सालच्या आपल्या ग्रंथात पियाजेंच्या प्रयोगांची जी फेरतपासणी मांडली, तीत जेम्स मॅक्गॅरिगल यांचा एक सुंदर प्रयोग आहे. तीन काळ्या व एक पांढरी अशा चार खेळण्यातील गाई आडव्या निजवून, ‘काळ्या गाई जास्त की गाई जास्त?’ असे सुमारे सहा वर्षांच्या मुलांना विचारले, तेव्हा शेकडा २५ मुलांनी बरोबर उत्तर दिले. पण ‘काळ्या गाई जास्त की झोपलेल्या गाई जास्त?’ असे विचारताच ते प्रमाण शेकडा ४८ झाले. एका विशेषणाने पूर्ण समूह मुलांच्या डोळ्यांपुढे उभा केला. आमच्या मराठीतील संख्यावाचनाचेही असेच. ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारे मूल कानांनी आधी ऐकलेला पाच आधी लिहिते. त्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांसोबत ‘वीस पाच’ अशा वाचनाची तजवीज झाली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढे वादळ उठले! गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या वेळी मुलांची अडचण सौम्यपणे समजावून सांगितली. रूढ नावे टिकावीत असे वाटणाऱ्यांचा जिव्हाळा मला मान्य आहे. परंतु चर्चा भाषेच्या अभिमानाची झाली आणि ५२ लिहिणाऱ्या मुलाचा नियम समजून घेण्याची संधी दवडली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

समस्या सोडविण्याच्या कौशल्याविषयीही हेच म्हणावे लागते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ व फळे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुले मोजकी पाचच होती, पण निष्कर्ष विसरता येण्याजोगा नाही : गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांत त्यांची शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली, आणि तेच हिशेब शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडून दिले तेव्हा शेकडा ३७. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला मोठा अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ नियतकालिकात आला, त्यातही हेच दिसले. वर उलट बाजूने असेही दिसले की, ज्यांना शाळेची गणिते येतात पण बाजाराचा अनुभव नाही ती मुले व्यवहारातील हिशेबांत अडखळतात. दोन्हीकडे बुद्धी आहे, पण मधला पूल बांधलेला नाही. भाईंदर स्थानकाबाहेर भाजीच्या गाडीवर आईला मदत करणारा मुलगा साडेतीन पाव मेथीचे पैसे तोंडी सांगतो आणि वर्गात अपूर्णांकांना भितो, हे दृश्य म्हणूनच नवलाचे नाही.

मूल एखादी अडचण सोडवू लागले की ते स्वतःशी बोलते : ‘आधी स्टूल आणू, मग वर चढू, नाही, स्टूल हलतंय.’ ही बडबड थांबवून ‘गप्प बसून कर’ असे सांगण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे. लेव्ह विगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी मात्र दाखवून दिले की काम जितके अवघड करावे तितके हे स्वगत वाढते, आणि पुढे तेच आत वळून मूक विचार होते. मुलाचे बोलणे तोडणे म्हणजे त्याचा विचार तोडणे आहे. मोठ्यांनी मदत करावी ती जेरोम ब्रूनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली सुचविल्याप्रमाणे, इमारतीभोवती बांधलेल्या परांचीसारखी : जेथे हात पोहोचत नाही तेथे आधार, आणि भिंत उभी राहताच तो काढून घेणे. स्टूल हलते म्हणणाऱ्या मुलाला स्टूल धरून देऊ नये; ‘का बरं हलत असेल?’ असे विचारून क्षणभर थांबावे. पुढे अकराव्या-बाराव्या वर्षी त्याच मुलाला दोऱ्याला बांधलेला खडा देऊन तो लवकर झुलण्यासाठी काय बदलावे असे विचारले, तर ते वजन, दोऱ्याची लांबी आणि धक्का यांपैकी एकच गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवावयास शिकेल, आणि फरक लांबीने पडतो हे त्याचे ते शोधून काढील.

भाईंदर पूर्वेत आज या सर्वांना जागा कितपत आहे? नवघर, गोडदेव, खारी ही एकेकाळची गावे शेतीच्या आणि मिठागरांच्या शेजारी वसलेली. १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झाली, त्यामागोमाग इमारतींची दाटी झाली, आणि पहाटेची लोकल धरून रात्री परतणाऱ्या आईबापांची मुले आजीजवळ, पाळणाघरात किंवा शिकवणीत दिवस काढू लागली. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेणारी बालवाडी ‘अभ्यास घेणारी’ म्हणून नावाजली जाते. आईबापांना मी बोल लावीत नाही. मुलाने मागे पडू नये या काळजीपोटीच ते हे करतात. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे एक सलग पायाभूत टप्पा मानली आहेत, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या यांनी भरलेला ‘जादुई पिटारा’ही आला आहे. जे ताराबाई आणि अनुताई बोर्डीच्या अंगणात करीत होत्या तेच आता सरकारी धोरण झाले आहे. त्याचा अंमल आपल्या गल्लीतील बालवाडीत होतो की नाही, हे पाहणे मात्र पालकांच्याच हाती आहे.

तेव्हा या वर्षी बालवाडीचा प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एकदा सकाळच्या वेळी तेथे जावे, आणि भिंतीवरील तक्त्यांऐवजी मुलांच्या हातांकडे पाहावे. त्यांच्यापुढे लावण्या-निवडण्यासारख्या वस्तू आहेत काय, आणि मूल चुकले की बाई पुसून टाकतात की ‘असं का लावलंस?’ म्हणून विचारतात, एवढ्या दोन गोष्टींची चौकशी करावी. पाढे किती शिकविता, हे विचारावयास पुढे पुष्कळ वर्षे आहेत.